आपली माहिती दुसऱ्या देशांना का द्यायची? पनवेल-अलिबागच्या उदाहरणातून एक पाठ



चांद्रयान किंवा आदित्य-एल१ बद्दल वर्गात बोलायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो. "आपण एवढा खर्च करून यान पाठवलं, मग त्याची माहिती दुसऱ्या देशांना कशाला द्यायची?" प्रश्न रास्त आहे. घरी मोठी माणसंसुद्धा हेच विचारतात. "विज्ञान सगळ्यांचं असतं" असं म्हणून आपण पुढे जातो, पण तेवढ्याने मुलांचं समाधान होत नाही.

या प्रश्नाचं पक्कं उत्तर द्यायला श्रीहरिकोटापर्यंत जायची गरज नाही, ते आपल्या दारातच आहे. नवीन पनवेलला, कळंबोलीच्या हमरस्त्याजवळ, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. लोक तिला आयआयजी म्हणून ओळखतात. कितीतरी पालक रोज त्या रस्त्याने जातात, पण आत काय चालतं ते फारच थोड्यांना ठाऊक असतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी जगभर पुरवणारं एक जागतिक माहिती केंद्र ही संस्था चालवते. आजचा पाठ तिच्यावर आणि तिच्या जुन्या वह्यांवर.

थोडी उजळणी : पृथ्वी नावाचा चुंबक

होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण का थांबते, हे मुलं शिकतात. पृथ्वी स्वतः एका मोठ्या चुंबकासारखी वागते म्हणून. या चुंबकाची ताकद नॅनोटेस्ला या एककात मोजतात. आपल्या भागात ती साधारण ४०,००० नॅनोटेस्लाच्या आसपास असते. ती दिवसभर एकसारखी राहत नाही. रोज काही दहा नॅनोटेस्लांनी वरखाली होते, आणि त्यामागे मुख्यतः सूर्य असतो.

सूर्यावर मोठा उद्रेक झाला तर विद्युतभारित कणांचा लोट अवकाशात फेकला जातो. त्याचा रोख पृथ्वीकडे असेल, तर तो साधारण एक ते तीन दिवसांत इथे पोचतो आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवून सोडतो. याला चुंबकीय वादळ म्हणतात. वाऱ्या-पावसाचं नसलं तरी या वादळाने नुकसान होतं. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज अशाच वादळाने गेली. सुमारे ६० लाख लोक जवळपास ९ तास अंधारात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर एका साध्याशा वादळामुळे वरचं वातावरण तापून फुगलं आणि नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे जवळपास ४० उपग्रह खाली येऊन नष्ट झाले. जीपीएसचे संकेत ज्या आयनांबरातून येतात, तेही अशा वेळी ढवळून निघतं. विमानं जीपीएसचा आधार घेतात आणि विमानतळ आता आपल्याच तालुक्यात आलाय, तेव्हा हा विषय मुलांना लांबचा वाटायचं कारण नाही.

एका ठिकाणी मोजून का भागत नाही?

समजा, अलिबागच्या यंत्रावर आकडा अचानक १०० ने घसरला. हे जगभर आलेलं वादळ आहे, की फक्त आपल्याकडचा बदल? एका यंत्रावरून हे सांगता येत नाही. घरातला दिवा गेला की आपण आधी खिडकीतून बघतो, शेजारच्यांचा गेलाय का? शेजारीही अंधार असेल तर वीज गेली, नसेल तर आपला फ्यूज उडाला. वैज्ञानिक हेच करतात. फक्त त्यांचे शेजारी हजारो किलोमीटर लांब असतात.

वादळ किती मोठं होतं हे सांगणारा एक आकडा जपानच्या क्योटो विद्यापीठात काढला जातो. त्यासाठी जपान, दक्षिण आफ्रिका, हवाई आणि पोर्टो रिको अशा चार ठिकाणच्या नोंदी लागतात. पृथ्वी फिरते, कुठे दिवस असतो तर कुठे रात्र, म्हणून ठिकाणं गोलभर पसरलेली हवीत. पृथ्वीभोवती काय घडतंय हे आपल्या हद्दीत बसून कोणत्याच देशाला पूर्ण मोजता येत नाही, मग तो कितीही श्रीमंत असो. मुलांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे.

कुलाब्याची वही

माहितीची ही देवघेव अवकाशयानांच्या कितीतरी आधीची आहे. १८३० च्या दशकात जर्मनीतल्या गटिंगेन शहरात गाउस आणि वेबर या वैज्ञानिकांनी एक मंडळ उभं केलं. ठरलेल्या दिवशी, गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी दर पाच मिनिटांनी चुंबकाची नोंद घ्यायची आणि ती एकत्र करायची, असा नियम होता. गाउस म्हणजे तोच थोर गणिती, ज्याने लहानपणी १ ते १०० ची बेरीज झटक्यात केल्याची गोष्ट आपण वर्गात सांगतो.

त्याच काळात ब्रिटिशांनीही आपल्या वसाहतींत अशा वेधशाळा सुरू केल्या. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली होती. तिथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. या वेधशाळेशी दोन मराठी नावं जोडलेली आहेत. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी तिथलं काम पाहिलं होतं. आणि अलिबागजवळच्या नागावला जन्मलेले केरूनाना छत्रे अगदी कोवळ्या वयात तिथे साहाय्यक म्हणून लागले. पुढे मोठे गणिती झालेले आणि लोकमान्य टिळकांना शिकवणारे ते हेच केरूनाना. रायगड जिल्ह्यातल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

तिथलं काम कसं होतं? दोऱ्याने टांगलेला चुंबक, त्याची हालचाल दाखवणारी पट्टी, आणि दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचून वहीत लिहिणारा माणूस. दर तासाला हे करायचं. पावसाळा असो, रात्र असो, सुटी नाही. चुंबक जास्त हलायला लागला तर तासाची वाट न बघता काही मिनिटांनीच नोंद घ्यायची. या आकड्यांचा पुढे कोणाला उपयोग होईल, हे लिहिणाऱ्याला माहीत असणं शक्यच नव्हतं.

१८५९ ची सकाळ आणि २००३ चा लेख

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोल अभ्यासकाने सूर्यावर एक झगमगता स्फोट पाहिला. पुढच्या काही तासांत युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांनी गोंधळ घातला. एरवी ध्रुवांजवळ दिसणारे रंगीत प्रकाश क्यूबा आणि हवाईपर्यंत दिसले. लंडनजवळच्या वेधशाळांत फोटोच्या कागदावर आपोआप नोंद होत असे. वादळ एवढं मोठं होतं की रेघ कागदाबाहेर गेली. वादळ झालं हे कळलं, पण नेमकं किती मोठं ते त्या कागदावरून कळेना.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची लख्ख सकाळ होती. आकाशात काही दिसायचा प्रश्नच नव्हता. पण कुलाब्यात माणूस डोळ्यांनी बघून आकडा लिहीत होता, त्यामुळे कागद संपायची अडचण आली नाही. चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद त्या वहीत झाली. ही घसरण एकूण ताकदीच्या चार टक्क्यांच्या आसपास होती. एरवी दिवसभरात काही दहांचा फरक पडतो, त्यासमोर हे ताडून बघा.

वही जपली गेली. १९१० मध्ये वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभॉय मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी दोन खंडांत छापून काढल्या. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि आपल्या आयआयजीचे गुरबक्ष लाखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी मिळून त्या वादळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या अभ्यासाचा कणा कुलाब्याच्या नोंदी होत्या. १८५९ चं वादळ आजच्या मोजमापांत किती मोठं ठरतं, हे १४४ वर्षांनी सांगता आलं. आज एखादा देश आपली वीजव्यवस्था किंवा उपग्रह किती मोठ्या वादळाला टिकले पाहिजेत हे ठरवतो, तेव्हा १८५९ चं उदाहरण समोर असतं.

पुढे आणखी एक छान गोष्ट झाली. दुसऱ्या देशातल्या वैज्ञानिकांनी त्याच नोंदी घेतल्या, तासाची सरासरी काढली आणि सांगितलं, असं मोजलं तर वादळाचा आकडा जवळपास निम्मा येतो. वाद झाला आणि अभ्यास पुढे गेला. माहिती उघड होती म्हणूनच ती तपासता आली. मुलांच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर इथे आहे : माहिती दिली की आपलं गणित दुसरा तपासतो. पालकांनी हे लक्षात घ्यावं. वही झाकून बसणाऱ्या मुलाची चूक वहीतच राहते.

ट्राम आली आणि वेधशाळा अलिबागला गेली

मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा कुलाब्याच्या चुंबकांवर संकट आलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकाची सुई हलते, हे आपण प्रयोगात दाखवतोच. शेजारून ट्राम गेली तर नोंद सूर्याची होणार की ट्रामची? डॉ. मूस यांनी मुंबईपासून लांब, तरी फार दूर नाही, अशी जागा शोधली, ती अलिबाग. आपल्याकडचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, स्वतःच थोडा चुंबकीय असतो. म्हणून इमारतीला पोरबंदरी दगड वापरला आणि लोखंड टाळलं.

१९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. नवा तराजू आणला की जुना टाकायच्या आधी दुकानदार तीच वस्तू दोन्हींवर तोलून बघतो, तसंच हे. त्यामुळे दोन्ही ठिकाणचा फरक कळला आणि जुन्या-नव्या आकड्यांची साखळी तुटली नाही. १९७१ मध्ये या सगळ्या कामाची स्वायत्त संस्था झाली, तीच आपली आयआयजी. तिरुनेलवेलीपासून शिलाँगपर्यंत आणि अंटार्क्टिकातल्या मैत्री केंद्रावरही ती मोजमापं करते. अलिबाग आज जगभरच्या वेधशाळांच्या जाळ्यात आहे आणि एबीजी या तीन अक्षरी खुणेने ओळखलं जातं.

भांडणाऱ्या देशांनीही वह्या एकत्र केल्या

१ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ हा काळ आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून पाळला गेला. ६७ देश सामील झाले, भारतही होता. तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात शीतयुद्ध चालू होतं. तरीही दोघांनी मान्य केलं की मोजमापं जागतिक माहिती केंद्रांत जमा करायची. एक केंद्र अमेरिकेत, एक रशियात, बाकीची इतर देशांत. एकाच देशावर विसंबायला नको आणि एक प्रत हरवली तर दुसरी हवी, असा त्यात विचार होता. नवीन पनवेलचं केंद्र याच परंपरेतलं.

याच काळात ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला. त्याचा रेडिओ संकेत अशा कंपनसंख्येवर होता की जगभरचे हौशी रेडिओवालेही तो ऐकू शकत होते. पण रॉकेट कसं बनवलं हे रशियाने सांगितलं नाही.

हा फरक मुलांना समजावून सांगायलाच हवा. देश सगळं वाटत नाहीत. रॉकेटचं तंत्र क्षेपणास्त्रालाही चालतं, त्यामुळे ते प्रत्येक देश जपून ठेवतो. निसर्गाची मोजमापं मात्र वाटली जातात. "सगळे देश एकमेकांचे मित्र आहेत म्हणून देतात" असं शिकवलं तर ते खरं नाही, आणि मोठी मुलं ते लगेच ओळखतात. सगळ्यांनाच गरज आहे म्हणून देतात, हे जास्त खरं आणि जास्त पटणारं आहे.

आपल्यालाही इतरांची मदत लागतेच. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर पोचलं, चंद्राच्या साधारण चौपट अंतरावर. पृथ्वी फिरत असल्यामुळे भारतातल्या अँटेनांना ते सतत दिसत नाही. म्हणून युरोपीय अवकाश संस्थेच्या दुसऱ्या खंडांतल्या अँटेनांचीही मदत घेतली गेली. आज आपण घेतो, उद्या देतो.

आकड्याबरोबर काय काय द्यावं लागतं?

माहिती देणं म्हणजे नुसता आकडा पाठवणं नव्हे. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झालं. यान बनवणाऱ्या कंपनीची आज्ञावली जोर पौंडात सांगत होती आणि नासाचे लोक ते आकडे न्यूटनमधले समजत होते. दोन्ही बाजू एकाच देशातल्या, भाषा एकच, गणितही बरोबर. फक्त एककाचा मेळ नव्हता. "एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण गेला" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना ही गोष्ट नक्की सांगा.

जगाला उपयोगी पडणाऱ्या नोंदीत निदान एवढं असावं लागतं :

१. ठिकाण. नेमकं कुठे मोजलं.
२. वेळ. कोणत्या घड्याळाप्रमाणे. वेधशाळा आता सगळीकडे एकच जागतिक वेळ वापरतात.
३. एकक. नॅनोटेस्ला, सेंटिमीटर, जे असेल ते.
४. साधन आणि पद्धत. यंत्र बदललं तर तेही लिहायचं, आणि आकडा थेट आहे की सरासरी, हेही.
५. राहिलेली नोंद. यंत्र बंद होतं तर जागा मोकळी ठेवायची, अंदाजाने भरायची नाही.

पाचवा मुद्दा सगळ्यात अवघड. रकाना रिकामा दिसला की हात शिवशिवतो, मुलांचाही आणि मोठ्यांचाही. पण कुलाब्यात कोणी त्या सकाळी "एवढा आकडा कसा येईल?" म्हणून नेहमीचा आकडा लिहिला असता, तर १४४ वर्षांनी सगळं जग चुकलं असतं.

वर्गात काय करता येईल? (इयत्ता ४थी ते ७वी)

साहित्य : चुंबकीय संवेदक असलेले दोन-तीन मोबाइल. ज्या मोबाइलमध्ये होकायंत्र चालतं, त्यात तो असतो. 'फायफॉक्स' हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं मोफत अ‍ॅप चालेल. मोबाइलवर आकडा मायक्रोटेस्लात येतो. १ मायक्रोटेस्ला म्हणजे १००० नॅनोटेस्ला, तेव्हा ४० च्या आसपास आकडा अपेक्षित आहे.

पहिली फेरी : मुलांचे तीन गट करा. कोणताही नियम न सांगता "चुंबकीय क्षेत्र मोजून आणा" एवढंच सांगा. एक गट मैदानात जाईल, एक लोखंडी कपाटाशेजारी बसेल, एक खिडकीच्या गजांजवळ. आकडे फळ्यावर लिहा. ते जुळणार नाहीत. कोणाचं चुकलं असं म्हणू नका. "हे आकडे एकत्र का करता येत नाहीत?" एवढंच विचारा. नियम मुलंच सांगतील.

दुसरी फेरी : मुलांनी ठरवलेल्या नियमांचा एक तक्ता बनवा. मोकळी जागा, लोखंडापासून लांब, मोबाइल आडवा, ठरलेली वेळ, तीन वेळा मोजून सरासरी. आता आकडे जवळ येतील. तरीही दोन मोबाइलमध्ये फरक राहिला, तर दोन्ही एकाच जागी ठेवून तो फरक मोजा आणि कुलाबा-अलिबागच्या त्या दोन वर्षांची आठवण करून द्या.

घरचा उपक्रम : हाच तक्ता गावाकडच्या आजी-आजोबांना किंवा परदेशातल्या नातेवाइकांना पाठवा. रविवारी भारतीय वेळेनुसार सकाळी १० वाजता सगळ्यांनी मोजायचं. मामा दुबईत असेल तर त्याच्या घड्याळात तेव्हा साडेआठ असतील. हे गणित मुलानेच करून मामाला कळवायचं.

एक सूचना : मोबाइलवर चुंबकीय वादळ पकडता येत नाही, तो तेवढा बारीक मोजत नाही. मुलांना तसं आधीच सांगा.

चर्चेसाठी प्रश्न

१. लंडनजवळची नोंद अपुरी आणि कुलाब्याची पूर्ण, असं का झालं? यंत्र नेहमीच माणसापेक्षा चांगलं असतं का?
२. अलिबागच्या वेधशाळेशेजारी विजेवर चालणारी रेल्वे न्यायची असेल, तर कोणाकोणाचं म्हणणं ऐकावं लागेल?
३. देशाने कोणती माहिती द्यावी आणि कोणती जपून ठेवावी? प्रत्येकी दोन उदाहरणं द्या.
४. आपल्या शाळेतली कोणती नोंद शंभर वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडू शकेल?

चौथ्या प्रश्नावर जरा थांबा. पाऊस, तापमान, पहिला बहावा कधी फुलला, विहिरीचं पाणी कुठवर आलं, अशी एखादी नोंद ठरवा आणि एक वही सुरू करा. वर्ष संपलं की ती पुढच्या वर्गाच्या हाती द्या. आणि पहिल्या पानावर एकक, वेळ आणि मोजण्याची पद्धत लिहायला विसरू नका.